अर्धे पाणी, अर्धे आभाळ

मुलाने वाचनालयातून आणलेले फोटोंचे पुस्तक माझ्यापुढे उघडले. हिरोशी सुगिमोतो हे १९४८ साली टोकियोत जन्मलेले छायाचित्रकार. १९८० पासून देशोदेशीचे समुद्र त्यांनी कृष्णधवल फोटोंत टिपले. खाली पाणी, वर आभाळ, मधोमध क्षितिजाची रेघ. होडी नाही, माणूस नाही. आदिमानवाने पाहिला तसा समुद्र आज आपल्याला दिसेल का, हा त्यांचा प्रश्न.

“यात बघायचं काय?” मी म्हणाले.

आमचे अप्पा गोदीत हमाली करीत. त्यांचा एकच फोटो घरात आहे, तोही स्टुडिओतला. मागे पडद्यावर रंगवलेला समुद्र, नारळीसुद्धा! खऱ्या समुद्राकाठी जन्म गेला, तिथला फोटो नाही. त्या रिकाम्या पानावर अप्पांना कुठे उभे करावे, ते मी शोधू लागले.

“आई, उलटू का पान?”

“थांब जरा.”