पुढच्या दोन टायरची काटकसर

आज वासरांवर नाही, चाऱ्यावर नाही. आज टायरवर लिहितोय.

नेहमीच्या वाचकांना माहीतच आहे, मी कॅनडात सस्कॅटूनच्या उत्तरेला एका डेअरी फार्मवर वासरांचं बघतो. माझ्याकडे २००६ ची जुनी फोर्ड पिकअप आहे. फोर बाय फोर नाही, जोर फक्त मागच्या चाकांना. उन्हाळ्यात काही तक्रार नाही. पण इथे नोव्हेंबर ते मार्च बर्फ असतो आणि तेव्हा ही गाडी वेगळीच होते. मागचा हौदा रिकामा, सगळं वजन पुढे इंजिनावर. चढाला मागची चाकं जागच्या जागी फिरायची. गोठ्याच्या फाटकातून निघायलासुद्धा मागे राख टाकावी लागायची.

पहिल्या वर्षी हिवाळी टायरची चौकशी केली. चार टायर, बसवणं, बॅलन्सिंग धरून हजार डॉलरच्या वर जात होतं. त्याच महिन्यात गावाकडे ठिबकच्या नव्या नळ्यांना पैसे पाठवायचे होते. मी हिशोब केला: घसरतात ती मागची चाकं, मग मागचे दोनच बदलू. पुढचे ऑल सीझन आहेत, नक्षीही बरी आहे, अजून एक वर्ष काढतील. दुकानदार म्हणाला, चारही घाल. मला वाटलं, त्याला विकायचेच आहेत.

मागचे दोन बसवले आणि खरंच सांगतो, गाडी एकदम सुधारली. फाटकातून सरळ निघायची. मी खूश. आता कळतं की खरा धोका तिथेच होता. गाडी निघते चांगली, म्हणून मी वेगही वाढवला.

नोव्हेंबरअखेरची दुपार होती. उणे दोन डिग्री, बारीक पाऊस पडून रस्त्यावर गोठत होता. लेकीला शाळेतून घेऊन येत होतो. ती तेव्हा नऊ वर्षांची. आमचा खडीचा रस्ता जिथे आडव्या रस्त्याला मिळतो तिथे थांबून उजवीकडे वळायचं. वेग चाळीसच्या आसपास. ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस खडखडलं. स्टेअरिंग फिरवलं, पूर्ण फिरवलं, आणि गाडी सरळच. आडवा रस्ता ओलांडून, चारीतून उडी मारून आम्ही पलीकडच्या कॅनोलाच्या धसकटात जाऊन थांबलो. धान्याचा एक भरलेला ट्रक नुकताच त्या रस्त्याने गेला होता. त्याचे मागचे लाल दिवे अजून दिसत होते.

लागलं कुणालाच नाही. लेक थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तर वळवलं होतं ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

मालक ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले, गाडी ओढून काढली. बोलले काहीच नाहीत. फक्त हातमोजा काढून पुढच्या टायरच्या रबरात नख रुतवून बघितलं. रुतलं नाही. मग मागच्या टायरला. रुतलं. तेवढंच दाखवलं आणि गेले.

रात्री आबांना फोन केला. त्यांनी उभ्या जन्मात बर्फावर गाडी चालवलेली नाही. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर वळवताना काय होतं? पुढचं चाक वळलेलं असतं आणि ट्रॅक्टर सरळ जातो. मागच्या चाकाला कितीही पकड असली तरी वळवणारं चाक पुढचं. हे तुला मी शिकवायचं का?"

दुसऱ्या आठवड्यात पुढचे दोन घेतले. ठिबकच्या नळ्या एक महिना उशिरा गेल्या.

त्यानंतर हा विषय नीट समजून घेतला. जुनी गाडी असणाऱ्यांच्या उपयोगाचं तेवढं लिहितो.

ऑल सीझन टायरचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं. नक्षी कितीही खोल असो, कडक रबर बर्फाला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फ पकडतात.

टायरच्या बाजूला "एम अँड एस" लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. त्यावर फसू नका, ते नक्षीच्या घडणीवरून लिहितात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधायचं. ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आमच्या सस्कॅचवानमध्ये सक्ती नाही, ज्याची त्याची अक्कल.

बर्फ शून्याच्या जवळ असताना सर्वात निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंचवीसला पकड उलट बरी मिळते. मी उणे दोनला बेफिकीर होतो, तिथेच चुकलो.

रुंद टायर दिसायला भारी, पण साचलेल्या बर्फात अरुंद टायर खाली कापत जातो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो साइज दिलाय तोच घेतला, त्याहून रुंद नाही. भार पेलण्याचा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा कमी नको. कायम ओझं वाहणाऱ्यांनी एलटी टायरचा विचार करावा. मी खनिज मिश्रणाच्या दहा-बारा गोण्या वाहतो, मला साधे पुरले.

हवा थंडीने कमी होते, दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पौंड. वीस डिग्रीच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे पंचवीसला आठेक पौंडांनी उतरते. म्हणून सकाळी गाडी थंड असतानाच मोजायची.

हौद्यात वाळूच्या चार गोण्या टाकतो, प्रत्येकी सत्तावीस किलोची, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर आणि पट्ट्याने बांधून. अगदी मागे फळीजवळ ठेवल्या तर पुढचं टोक हलकं होतं, म्हणजे परत तोच घोळ.

आणि फोर बाय फोर असणाऱ्यांनीही ऐका: चारही चाकांना जोर असला तर गाडी निघते लवकर, थांबत लवकर नाही.

आता गावाकडचं. आपल्याकडे बर्फ नाही, पण सवय तीच आहे. माझा धाकटा भाऊ जुन्नरहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला जातो, भर पावसातसुद्धा. मागच्या सुट्टीत त्याची पिकअप बघितली. मागचे टायर नवे कोरे. पुढचे गुळगुळीत, नक्षीच्या खाचेत तळाशी जो छोटा उंचवटा असतो, त्याच्याशी झिज बरोबरीला आलेली. तो उंचवटा १.६ मिलिमीटरचा, त्याच्या खाली टायर बाद. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, माल मागं असतो ना." अगदी माझंच वाक्य.

टायरवरचा चार आकडी नंबरही दाखवला त्याला. ३२१४ म्हणजे २०१४ सालातला बत्तिसावा आठवडा. सेकंडहँड म्हणून स्वस्तात घेतले होते. नख रुतवून बघ म्हटलं. रुतलं नाही.

निघायच्या आधी त्याला जोडी घेऊन दिली. त्याची पोरं पुढच्या सीटवर बसून बाजाराला जातात.

आत्ता इथे उणे चोवीस आहे. वासरांना गरम दूध पाजून झालं, तीनच्या सुमारास लेकीला आणायला निघायचंय. त्या वळणाला मी अजूनही वीसच्या वर जात नाही. ती हसते मला.

तुमच्या पिकअपच्या पुढच्या टायरवर कोणतं साल आहे, एकदा बॅटरी लावून बघा.