दहा मिनिटं

स्केटबोर्ड दिसण्याआधी ऐकू येतो. काँक्रीटच्या रस्त्यावर त्याचा आवाज लांबलचक, सलग असतो, गिरणीत दळण चालू असल्यासारखा. पेव्हर ब्लॉकवर तो तुटतो आणि थेट दाढांत जाऊन बसतो. शहाबादी फरशीवर दर सांध्याला एक टक्. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडपासून नव्वद फुटी रस्त्यापर्यंत कुठल्या सोसायटीची जमीन कशी होती, ते मला आजही कानाने पाठ आहे. आणि ती सगळी जमीन मला ज्याने मिळवून दिली, तो स्वतः त्या फळीवर एकदाच उभा राहिला.

२००८च्या मे महिन्यात न्यू जर्सीचा मावसभाऊ लग्नाला आला होता. परत जाताना सामान वजनात बसेना. लोणच्याच्या बरण्या बॅगेत गेल्या आणि त्याचा स्केटबोर्ड आमच्या घरी राहिला. सोबत एक सीडी होती, तिच्यावर ‘रॉब अँड बिग’ नावाच्या मालिकेचे सात-आठ भाग. मी सोळा वर्षांचा होतो.

मालिका अमेरिकेतल्या एमटीव्हीची. २००६च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि तीन हंगाम चालली. रॉब डिर्डेक हा ओहायोतल्या केटरिंग गावचा, सोळाव्या वर्षीच व्यावसायिक स्केटबोर्डर झालेला. ख्रिस्तोफर बॉयकिन मिसिसिपीचा, अमेरिकेच्या नौदलात नोकरी करून आलेला, चांगला धिप्पाड. त्याला सगळे बिग ब्लॅक म्हणत. दोघे लॉस एंजेलिसमधल्या टेकडीवरच्या एका घरात राहतात, बुलडॉग पाळतात, एक बुटका घोडा घरी आणतात. एका भागात दोघे विश्वविक्रमांच्या मागे लागतात, रॉब स्केटबोर्डवर आणि बिग ब्लॅक खाण्याच्या टेबलापाशी. गोष्ट म्हणावी असं यात काही नाही. कॅमेऱ्यासाठी पुष्कळ काही मुद्दाम घडवून आणलेलं असणार, घोडा काही आपल्या पायांनी घरी आला नसेल. पण बिग ब्लॅक काही बोलला की रॉबला जे हसू फुटतं, ते मला कधीच बेतलेलं वाटलं नाही. आपल्या माणसाच्या बोलण्यावर माणूस तसाच हसतो, बोलणं पुरं व्हायच्या आत.

या मैत्रीचा उगम मला फार मोलाचा वाटतो. स्केटबोर्डरला जे जे हवं असतं ते सगळं दुसऱ्याच्या मालकीचं असतं. बँकेच्या पायऱ्या, ऑफिसपुढचा ग्रॅनाइटचा ओटा, शाळेचा लोखंडी कठडा. तो तिथे पोहोचला की मागोमाग सुरक्षारक्षक येतोच. २००३ साली आलेल्या ‘द डीसी व्हिडिओ’साठी रॉबने यावर एक तोड काढली. रक्षकांना तोंड द्यायला त्याने स्वतःचाच एक रक्षक ठेवला. गार्ड आला की बिग ब्लॅक मधे उभा राहायचा, त्याला बोलण्यात गुंतवायचा आणि तेवढ्यात मागे रॉब आपली उडी पुरी करायचा. पगारावर आलेला माणूस पुढे त्याच घरात राहायला आला, जिवाभावाचा झाला.

माझा मित्र आमच्या वॉचमनकाकांचा मुलगा. चार मजल्यांची आमची इमारत, आणि पंपाच्या खोलीला टेकून उभारलेली पत्र्याची एक खोली. तिच्यात तो, आई-वडील आणि धाकटी बहीण. गाव पाटणच्या बाजूचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. तो माझ्याच वयाचा, अंगाने काटकुळा, हात मात्र लांब. ती सीडी आम्ही आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर शेजारी बसून पाहिली. इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं आणि ते उच्चार मलाही कळत नव्हते, तरी प्रत्येक वेळी माझ्याआधी तो हसायचा. बिग ब्लॅक गार्डशी बोलतो तो प्रसंग आला तेव्हा मात्र तो हसला नाही. गंभीर होऊन म्हणाला, “हे मी करीन. इथले सगळे वॉचमन मला ओळखतात.”

आणि त्याने केलं, पण आपल्या रीतीने. बिग ब्लॅककडे देह होता, याच्याकडे जीभ होती. फाटकाशी जाऊन तो आधी काहीच मागायचा नाही. काका, गाव कुठलं? पाऊस लागला का तिकडे? भातं लावून झाली? जौनपूरचे भैया असले तर त्यांच्या हिंदीत, नेपाळचे बहादूर असले तर दसैंला घरी जाणार का, असं विचारत. मग हळूच, “काका, दहा मिनिटं. काही तुटणार नाही, मी इथेच उभाय.” आवाजाची भीती वॉचमनला नसते, हे त्याला ठाऊक होतं. भीती असते ती सेक्रेटरींच्या फोनची आणि कापल्या जाणाऱ्या पगाराची. पाळी रात्री आठला बदलते आणि नवा माणूस डबा उघडेपर्यंत निवांत असतो, हेही त्यालाच माहीत. एकदा एका चकचकीत नव्या इमारतीपुढे मी हट्ट धरला, तिथला कोबा आरशासारखा होता. खुर्चीत बसून डुलक्या घेणाऱ्या वॉचमनकडे बघून तो म्हणाला, “नाही. हे काल सकाळपासून ड्यूटीवर आहेत. झोपू दे.” आम्ही परत फिरलो. त्या वयात मला त्याचा राग आला होता.

त्या दहा-दहा मिनिटांत मी ऑली शिकलो. हात न लावता फळीसकट हवेत उडायचं, त्याला ऑली म्हणतात. मागच्या पायाने शेपटीवर ठोका द्यायचा, फळीचं नाक वर येतं, त्याच क्षणी पुढच्या पायाची कड वरच्या खरखरीत कागदावरून पुढे सरकवायची, म्हणजे मागची बाजूही उचलली जाते आणि फळी पायांना चिकटल्यासारखी अधांतरी सपाट होते. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफंडने ही उडी १९७०च्या दशकाच्या अखेरीस उतारांवर शोधली आणि पुढे रॉडनी मुलनने ती सपाट जमिनीवर आणली. मला ती जमायला एक पावसाळा आणि एक दिवाळी गेली. माझी पाठ फाटकाकडे असायची. मागे काय चाललंय ते मी कधी वळून बघितलं नाही. बघावं लागलंच नाही.

पावसाळ्यात फळी फुगते. मेपलचे सात पातळ थर एकावर एक दाबून ती केलेली असते, आणि खाडीच्या बाजूची आमची दमट हवा त्या थरांत शिरायची. बेअरिंग तर पहिल्याच सरीत गंजली. चाक फिरवलं की कण्हायला लागायचं. मला वाटलं, संपलं. त्याने मला पंपाच्या खोलीत नेलं, एका पिवळ्या दिव्याखाली चारही चाकं उतरवली आणि पान्याच्या टोकाने बेअरिंग अलगद बाहेर काढलं. त्याच्या कडेवर कोरलेला आकडा अंगठ्याने पुसून वाचला, ६०८. “आपल्या पंपाला ६२०३ लागतं,” तो म्हणाला, “हे त्याचं धाकटं भावंड.” आठच्या आठ बेअरिंग त्याने वाटीभर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी जुन्या बनियनने पुसून एकेकात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग चाक बोटावर धरून टिचकी मारली आणि कानाशी नेलं. ते फिरत राहिलं, फिरत राहिलं. तो डोळे मिटून ऐकत होता. तिथेच पलीकडे त्याची आई चुलीसारख्या स्टोव्हवर भाकऱ्या भाजत होती.

मराठी माणसाला असल्या जोडीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. आम्ही ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ केलेल्या पिढीतले. सीडीवरचा दुसराच भाग बघताना तो म्हणाला होता, “हे तर अशोक सराफ आणि लक्ष्या.” लक्ष्मीकांत बेर्डे २००४च्या डिसेंबरात गेले. त्यांचा सिनेमा टीव्हीवर लागला की मित्राचे वडील पत्र्याच्या खोलीतून बाहेर येऊन आमच्या खिडकीशी उभे राहत. हसत, आणि मधेच गप्प होत. हसवणाऱ्या जोडीतला एक गेला की जुनं हसू तसंच शाबूत राहतं, पण त्याच्याखाली जमीन खचते. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तो फळीवर उभा राहिला ती रात्र २०१०च्या एप्रिलमधली. दिवे गेले होते, गाड्या गावी गेलेल्या, त्यामुळे स्टिल्टखालची जागा मोकळी. मी दमून पायरीवर बसलो होतो. त्याने न विचारता चप्पल काढली, अनवाणी फळीवर चढला आणि लांब हात पसरून एकदाच जमिनीला पाय मारला. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत, कदाचित साठ फूट. तोल गेला नाही. अंधारात फक्त तो सलग, दळणासारखा आवाज आला आणि मग थांबला. परत येऊन त्याने फळी माझ्या पायाशी ठेवली. “बरं वाटतं,” म्हणाला. मी म्हणालो, “चल, आता त्या बँकेच्या पायऱ्यांवर जाऊ, आठ वाजत आले.” तो लगेच उठला. पुन्हा एकदा जा, असं मी म्हणायला हवं होतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलाला ‘तुला हवीय का पाळी?’ हे चार शब्द मी एकदाही विचारले नाहीत. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटतच राहावं असं वाटतं.

इमारत पुनर्विकासाला गेली. आम्हाला भाडं मिळालं, करारनामा मिळाला, नव्या टॉवरमधल्या मजल्याचा आकडा मिळाला. पंपाच्या खोलीला टेकलेल्या पत्र्याचा करारनामा नसतो. ते कुटुंब दिव्याला गेलं, मग आणखी पुढे. फोन होते, ते दिवाळीपुरते उरले.

रॉब आणि बिग ब्लॅक यांचीही मालिका २००८च्या एप्रिलमध्ये संपली होती. आम्ही ती पाहिली तेव्हा ती तिकडे आधीच बंद पडलेली होती, आम्हाला माहीत नव्हतं. बॉयकिनला मुलगी झाली, दोघांचे रस्ते वेगळे झाले, काही वर्षांनी रॉबच्या दुसऱ्या मालिकेत तो पुन्हा दिसला. ९ मे २०१७ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. ४५ वर्षांचा होता. मला ही बातमी घाटकोपरला, मेट्रोच्या जिन्यावरच्या गर्दीत कळली. मागचे लोक ढकलत होते म्हणून पाय चालत राहिले. घरी येऊन तो गार्डचा प्रसंग पुन्हा शोधून पाहिला. या वेळी रॉब काय करतोय याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी फक्त मधे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होतो, तो किती मायेने बोलतो, किती वेळ पुरवतो.

मित्राला फोन लावला. नाव त्याला पटकन आठवेना, मग म्हणाला, “तो वॉचमनशी बोलणारा? अरे अरे.” आणि बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

त्यानंतर स्केटबोर्डिंग कुठल्या कुठे गेलं. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा आलं आणि जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं. आपल्याकडेही नेरुळला आणि वांद्र्याच्या कार्टर रोडला आता स्केटपार्क आहेत, जिथे मुलांना कोणाकडे दहा मिनिटं मागावी लागत नाहीत. २०२२ साली गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला मिळवून दिलं. तिचे वडील सुरक्षारक्षक. ते वाचून मी कितीतरी वेळ त्या एका ओळीवर थांबलो. फाटकाच्या आतल्या खोलीतलं मूल फळीवर चढलं होतं, आणि या वेळी ते साठ फुटांवर थांबलं नव्हतं. बातमी मी मित्राला पाठवली. त्याने ती आपल्या बहिणीला पाठवली, बहिणीने आपल्या मुलीला. ती नऊ वर्षांची आहे. माझी फळी सध्या तिच्याकडे, बदलापूरला आहे. बेअरिंग तिच्या मामाने नवी घातली, ६०८.

गेल्या महिन्यात संध्याकाळी घरी येत होतो. आमच्या टॉवरच्या पोडियमवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा ऑली करायचा प्रयत्न करत होता. फळी दर वेळी पायांखालून निसटून टाइल्सवर आदळत होती. केबिनमधला वॉचमन उठला. वर कुठल्या तरी मजल्यावरून फोन आलेला असावा, तो टोपी घालत होता. वयाने माझ्याहून लहान, नवीनच लागलेला. मी लिफ्टकडे जायचा थांबलो आणि त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिलो.

“दादा, गाव कुठलं तुमचं?”

तो गडबडला. असं कोणी विचारलं नसावं. “राजापूर,” म्हणाला. “राजापूरच्याही आत, दोन कोस.”

“भातं लावून झाली का?”

त्याने टोपी काढून बगलेत धरली. धाकटा भाऊ एकटाच आहे, म्हणाला, गड्याचे रोजचे पैसे परवडत नाहीत, निम्मं शिवार तसंच आहे. तो सांगत राहिला. माझ्या पाठीमागे शेपटीवर ठोका पडला, आणि या वेळी आदळण्याचा आवाज आला नाही. चार चाकं एकदम टेकली. मी वळून पाहिलं नाही. “आणि आई कुठे असते?” मी विचारलं.