मागाच्या खडखडाटात माणसाचा आवाज

इचलकरंजीत पॉडकास्ट करायचा म्हटलं की आधी मागांचा विचार करावा लागतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. आज कितीतरी गल्ल्यांत घराच्या भिंतीला लागूनच शेड असते आणि शेडमध्ये दिवसरात्र धोटे आपटत असतात. मी आणि माझा मामेभाऊ याच मागांवर आयुष्य काढलेल्या माणसांच्या मुलाखती करतो. त्यात माग दुरुस्त करणारे जॉबर असतात, धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या बायका असतात, ताण्याचे धागे ओवणारे वहिफणीवाले आणि मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले असतात. पैसे पदरचे, त्यामुळे बेत बेताचा. ऐकणारे बहुतेक एसटीत, कामावर जाता-येता, एका कानात इअरफोन घालून ऐकतात. दोन वाक्यं कळली नाहीत की बंद करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. उभा जन्म कांड्या भरण्यात घालवलेली मावशी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगत असते. तिचा शब्द न् शब्द पोचलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला ज्याला त्याला विचारलं, तो म्हणाला, भारी माइक घ्या. पण स्टुडिओतला संवेदनशील कंडेन्सर माइक आमच्या गल्लीत लावला तर शेजारच्या शेडचा खडखडाट तो तितक्याच प्रेमाने टिपणार. आम्ही पैसे राखून ठेवले आणि आधी जागा शोधली. ती गावातच होती. मागावरून उतरलेलं कापड तपासून घडी घालतात, त्या खोलीत ताग्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या असतात. सुती कापडाच्या त्या भिंतीत आवाज जिरतो, घुमत नाही. ओळखीच्या एका मागवाल्या काकांनी संध्याकाळनंतर ती खोली वापरायला दिली. अर्थात कापड घुमणं थांबवतं, बाहेरून येणारा दणका थांबवत नाही. दणक्याला जाड भिंत आणि बंद दारच लागतं. तरी नुसतं घुमणं गेल्याने निम्मं काम झालं. घरी करणाऱ्यांनी गाद्या, वाकळा आणि भरलेलं कपाट वापरावं. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत, त्यांनी जवळजवळ काही होत नाही.

उरलेल्या दणक्यावर उपाय म्हणजे अंतर. माइक हातभर लांब होता तो वितीवर आणला की अंतर निम्मं होतं आणि बोलणाऱ्याचा थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. मागाचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. आणखी निम्मं केलं की आणखी सहा. याला एक रुपया लागत नाही. माइक सतत तोंडाजवळच राहावा म्हणून आम्ही बोया कंपनीचे बीवाय-एम१ हे दोन कॉलर माइक घेतले. प्रत्येकी हजाराच्या आत मिळाले, वायर सहा मीटर लांब. एक माइक पाहुण्याला, एक मला, दोन्ही वेगवेगळ्या फोनना जोडलेले आणि फोन एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला एक टाळी वाजवायची. नंतर दोन्ही फाइलींत त्या टाळीचा उंचवटा दिसतो आणि तो एकाखाली एक आणला की संभाषण जुळतं.

कॉलर माइक लावणं मात्र शिकावं लागतं. लुगड्याच्या पदरावर लावला तर प्रत्येक हालचालीला खसखस येते. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावला आणि मंगळसूत्र एका बाजूला घेतलं की आवाज स्वच्छ येतो. मग उरतात बांगड्या. एका कांडीवाल्या मावशींचे हात बोलताना सारखे चालायचे, कांड्या भरताना चालतात तसेच. बांगड्या उतरवा म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या मांडीवर जाड टॉवेलची घडी ठेवली आणि म्हटलं, "मावशी, हात यावर टेकवून बोला." त्या हसून म्हणाल्या, "व्हय, हातास्नी पण बसायला जागा दिलीस की पोरी." किणकिण थांबली आणि बोलणं खुललं.

जॉबर मामांचं वेगळं. वर्षानुवर्षं मागांच्या आवाजावर ओरडून बोललेली माणसं ही. ऐकू कमी येतं आणि साधं बोलणंही वरच्या पट्टीत असतं. "हॅलो, हॅलो" म्हणायला लावून लेव्हल ठरवली तर ती खोटी ठरते, कारण तेव्हा माणूस लाजून हळू बोलतो. मी ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेल्या कापडाच्या, मजुरीचा विषय काढते. मामा तापतात, आणि तापलेल्या आवाजाचं सर्वांत उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी लेव्हल तेव्हा लावून घेते. आवाज शून्याच्या वर जाऊन फाटला की कुठलंही सॉफ्टवेअर तो नीट परत आणत नाही. हळू आला तर वाढवता येतो.

वीज गेली की आमची चांदी. आसपासचे माग थांबतात, पंखा थांबतो, फ्रीजची घरघर थांबते आणि फोन तर बॅटरीवर चालतात. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा निरोप आला की आम्ही पाहुण्यांना फोन करतो.

पुढचं काम ऑडॅसिटीत, जे फुकट आहे. बोलणं सुरू होण्याआधीची काही सेकंदांची नुसती खोली टिपून ठेवली की तिच्या नमुन्यावरून खरखर कमी करता येते. ती थोडीच कमी करावी. एका क्लिकवर आवाज चकचकीत करणारी साधनंही वापरून पाहिली; त्यांनी मागाबरोबर वाक्याच्या शेवटचे "की", "न्हवं"ही पुसून टाकले. आमच्याकडच्या बोलण्यात अर्थ तिथेच असतो, म्हणून ती आम्ही सोडून दिली. अडखळणं, दम घेणं, थांबणं हेही सगळं कापत नाही. शेवटी एकूण आवाज उणे १६ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणतो. अ‍ॅपल पॉडकास्ट्सची शिफारस तीच आहे. फाइल मोनो, ६४ केबीपीएसवर ठेवतो. तासाभराचा भाग २९ एमबीच्या आत बसतो आणि बोलण्याला तेवढं पुरतं. ऐकणाऱ्याच्या डेटाचाही विचार करायला हवा.

माग मात्र आम्ही हाकलून लावलेला नाही. शेडमध्ये जाऊन त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करतो, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला काही क्षण ऐकवतो आणि माणूस बोलायला लागला की बंद करतो.

तुमच्या गावातही अशी माणसं असतील. विडी वळणाऱ्या, गुऱ्हाळावर राबलेले, गिरणीतून निवृत्त झालेले. हातातला फोन, एक स्वस्त कॉलर माइक आणि कपड्यांनी भरलेली खोली एवढ्यावर सुरुवात करा. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. पण त्यांच्याकडे जायचं लांबणीवर टाकू नका, कारण ही माणसं आता थकली आहेत.