उजवा गाल

आपण जसे दिसतो तसाच आपला फोटो आला, तर तो फारसा कोणाला खपत नाही. हे ज्ञान मला फावल्या वेळात आप्तेष्टांचे फोटो काढू लागल्यापासून झाले. भायखळ्याच्या आमच्या चाळीत माझा स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्याची गॅलरी. दुपारी चारच्या सुमारास समोरच्या भिंतीवर ऊन पडते आणि तिथून परतलेला मऊ उजेड आमच्याकडे येतो. त्यात एक स्टूल मांडले की झाले! मग शेजारच्या काकू पदर सारखा करीत म्हणतात, "मास्तर, जरा बारीक दिसेन असा काढा हो." भाचा म्हणतो, "मामा, मुरुम तेवढे घालवा."

मुरुम मी घालवतो. ते काही अवघड नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर उसनी आणावी, तशी संगणक मुरमाच्या शेजारची कातडी उचलतो आणि त्याच्यावर बसवतो. पूर्वी हेच काम शिसपेन्सिलीने होत असे. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे होते, त्यामुळे गालावरचा काळा ठिपका तिथे पारदर्शक दिसे. त्यावर बारीक टोकाने शिसे भरले की छापलेल्या फोटोत गाल स्वच्छ!

आणि या नादात मी एकटाच आहे असेही नाही. राणीच्या बागेला लागून असलेल्या संग्रहालयाला १९७५ पासून ज्यांचे नाव आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हे दोघेही १८५४ साली मुंबईत निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते. एवढ्या थोरांनी केलेला नाद मास्तराने केला तर बिघडले कुठे?

मात्र मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. आठ दिवसांत आपोआप जाणारे असेल ते काढायचे, जन्माचे असेल ते ठेवायचे. या नियमाचा मला अभिमान होता. तो उतरवला माझ्या आईने.

आईच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आमचे बाबाही होते. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. बाबांचा एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटोला आधी घरात चर्चा व्हायची. संपात तो कॅमेरा विकला गेला. त्या दिवाळीत आई लोकांच्या चकल्या तळून देत होती. एका रात्री स्टोव्ह भडकला.

आईला सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मी तिला गॅलरीत समोर तोंड करून बसवले. डाग नीट दिसेल असा उजेड घेतला. कादंबऱ्या लिहिणाऱ्याचे मन! मला त्या डागात संप दिसत होता, आमचे पोट भरणारी बाई दिसत होती. फोटो मोठा करून, चौकट घालून पाडव्याला तिच्या हाती दिला.

आईने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "चांगला आलाय. पण हा तेवढा काढ."

"अगं, तो तुझा आहे. तुझ्या कष्टांची खूण आहे ती."

"सुरकुत्या माझ्या आहेत, त्या राहू देत," आई म्हणाली. "हा डाग स्टोव्हचा आहे. तुला हवा तर तुझ्या गोष्टीत घाल."

मी काही बोललो नाही. रात्री जुना आल्बम काढून बसलो. कोणाचे लग्न, कोणाची मुंज, कोणाचे बारसे. चाळीस वर्षांत दुसऱ्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत आई उजवा गाल पुढे करून उभी होती. एकाही फोटोत तिने समोर पाहिलेले नाही. हे आल्बम मी शंभर वेळा चाळले असतील, माणसांचे चेहरे निरखण्याचा आव आणून दोनचार पुस्तकेही लिहिली. पण घरातली ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या डागाचे कौतुक मी करीत होतो, कारण तो माझ्या गालावर नव्हता.

नियम मोडला. डाग काढला, सुरकुती एकही काढली नाही. नवा फोटो आईने स्वतः खिळा ठोकून घेऊन दारासमोरच्या भिंतीवर लावला. त्यात ती सरळ समोर पाहते आहे.

मूळ फोटो मी पुसलेला नाही. तो संगणकात आहे, अधूनमधून उघडतो. तो माझा. भिंतीवरचा तिचा. यंदा फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी तो फोटो दाखवते आणि मग चकलीची बशी पुढे करते.