लॅपटॉप, वेलांटी आणि पाण्याखालचं गाव

२०२५ च्या ऑक्टोबरात एका सकाळी लोणावळ्याहून बाबांचा फोन आला. "अगं, संपलं म्हणतोय तो. चौदा तारखेला!"

काळजात धस्स झालं. "कोण म्हणतोय? काय संपलं?"

"लॅपटॉप गं!"

हुश्श! विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, त्याची सूचना बाबांच्या स्क्रीनवर झळकली होती. त्यांचा लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. तशीही लोणावळ्याच्या दहा पावसाळ्यांची दमट हवा खाऊन त्याची निम्मी बटणं रुसलेली. म्हटलं, चला, नवीन घेऊन टाकू.

आणि मग सुरू झाली ती नेहमीची यादी-यादी. भाचा म्हणाला, मॅकच घे, दहा वर्षं बघायला नको. ऑफिसातला मित्र म्हणाला, विंडोजशिवायचा स्वस्त लॅपटॉप घे आणि लिनक्स टाक. मी रॅम, एसएसडी, बॅटरी यांचे तक्ते करत बसले. बाबांचा प्रश्न मात्र एकच होता. "त्यात माझं गाव उघडेल का?"

हे 'गाव' म्हणजे बाबांची एक फाइल. आमचं मूळ गाव पवना धरणात गेलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बाबा तेव्हा कॉलेजात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवेल तसं लिहायला घेतलं. कोणाचं घर कुठे होतं, कोणत्या बांधावर कोणाचं आंब्याचं झाड, तिकोन्याच्या पायथ्याला गुरं कोण नेई. आयुष्यभर कचेरीत मराठी टाइपरायटर बडवलेला माणूस. त्यामुळे एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइपरायटरचाच कळफलक लावून, तब्बल दीडशे पानं त्यांनी टाइप केली होती. ज्यांना विचारून लिहिलं त्यातली बहुतेक म्हातारी माणसं आता नाहीत.

दिवाळीत लोणावळ्याला गेले तेव्हा जुन्याच लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून लिनक्स चालवून दाखवलं. छान चाललं. बाबाही खूश. मग म्हणाले, "आता गाव उघड."

उघडलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रोमन अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं. मराठी एक अक्षर नाही! बाबा चष्मा काढून पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा बुडालं म्हणायचं."

मंडळी, तेव्हा मला काय बोलावं सुचेना.

भानगड अशी होती. त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये संगणक साठवायचा रोमन अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालायचा. मुखवटा निघाला की आतलं रोमन उघडं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'म'चा स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो की तुमचा मोबाइल, तो 'म'च राहतो. फॉन्ट बदलला तर फार तर वळण बदलेल.

जुना फॉन्ट नव्या यंत्रात टाकून वेळ मारून नेता आली असती. पण मग पुढच्या लॅपटॉपला पुन्हा हेच. म्हणून लॅपटॉपची खरेदी पुढे ढकलली आणि आधी गाव वर काढायला घेतलं.

त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं एक साधन मिळालं, पण काम एका झटक्यात झालं नाही. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे 'तिकोना'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली, 'पायऱ्या' मोडून पडलेल्या. चार रविवार मी पुण्याहून लोकल पकडून लोणावळ्याला गेले. बाबा जुन्या लॅपटॉपवर मूळ पान वाचायचे, मी माझ्यावर दुरुस्त करायचे. एरवी मी हे दीडशे पानं कधी वाचली असती, सांगा बरं? आजीला पोहता येत होतं हे मला त्या तिसऱ्या रविवारी कळलं.

त्यानंतर लॅपटॉप निवडणं अगदीच सोपं झालं. गाव आता कुठेही उघडत होतं! मॅक बाबांना महाग वाटला. विंडोज ११ चालला असता, पण त्यांना हवं होतं लिहिणं, फोटो आणि नातवाशी व्हिडिओवर गप्पा. त्याला लिनक्स पुरे. विंडोजशिवायचा चौदा इंची लॅपटॉप घेतला. बटणं मोठी, स्क्रीन न चमकणारा, आणि पावसाळ्यात वीज गेली तरी तग धरील अशी बॅटरी. वायफाय लिनक्सवर नीट चालतं ना, एवढं दुकानात पेनड्राइव्ह लावून पाहिलं. जुना लॅपटॉप इंटरनेट तोडून कपाटात ठेवलाय, मूळ फाइलसकट. तो टाकायचा नाही, असा हुकूम आहे.

सध्या बाबा इन्स्क्रिप्ट शिकतायत. तो कळफलक तिन्हीकडे चालतो, म्हणजे पुन्हा बदल झाला तरी बोटांना नव्याने शिकायला नको. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पंच्याहत्तरीत बोटांची सवय मोडणं अवघड. वेलांटी अजून आधीच पडते. मग चिडून खोडतात, पुन्हा मारतात.

तुमच्याही घरी कोणाची अशी जुनी फाइल असेल तर एक करा. नव्या लॅपटॉपचे तक्ते करण्याआधी ती उघडून बघा. आणि ज्याने लिहिली तो माणूस शेजारी बसलेला असतानाच बघा. आमच्या फाइलमध्ये एका ओळीत दोन शब्द काही केल्या लागत नव्हते. बाबांनी न बघताच सांगितलं, "वाघेश्वराच्या पायऱ्या."

उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं. या मे महिन्यात नवा लॅपटॉप घेऊन तिथे जायचं बाबांनी ठरवलंय. त्यांना त्या पायऱ्या मोजून लिहायच्या आहेत.