अंतूशेटची जीभ

पु. ल. देशपांड्यांची, आपल्या पुलंची, वाक्यं महाराष्ट्राला पाठ आहेत. लग्नाच्या पंगतीत नाहीतर एसटीच्या प्रवासात एकानं सुरुवात करावी आणि दुसऱ्यानं ती पुरी करावी, इतकी पाठ. मला मात्र त्यांच्या शाब्दिक कोट्यांपेक्षा त्यांनी आपल्या माणसांच्या तोंडी घातलेल्या बोलांची ओढ अधिक. त्यातही रत्नागिरीच्या अंतू बर्व्याच्या.

‘व्यक्ती आणि वल्ली’तला हा म्हातारा कुणाचीच भीडभाड ठेवत नाही. गावात वीज आली तरी याच्या घरात ती नाही. उजेड पाडून आपलंच दारिद्र्य बघायचं कशाला, हा त्याचा सवाल! ऐकताक्षणी हसू फुटतं. ते ओसरलं की ते घर डोळ्यांपुढे उभं राहतं. अंतूशेट गरिबीचं रडगाणं गाता, तर लोकांनी कीव केली असती. त्यानं तीच गोष्ट तिरकसपणे सांगितली, आणि कीव करायची कुणाची छाती उरली नाही. खिसा रिकामा असला तरी मान ताठ ठेवायची, हे काम ती जीभ करते.

आणि मग तो हापूस. बायको गेली तेव्हापासून दारचा हापूस मोहरला नाही, असं हा माणूस सहज बोलून जातो. इतका वेळ दुसऱ्यांना बोचकारणारा अंतू इथे स्वतःच उघडा पडतो. मागचे सगळे टोमणे या एका वाक्यानंतर वेगळे ऐकू येतात.

हे साधलं ते पुलंच्या कानामुळे. ते पेटी वाजवत, चाली बांधत. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’चं लेखन, दिग्दर्शन आणि संगीत त्यांचंच, नायकही तेच. तोच कान त्यांनी माणसांच्या बोलण्याला लावला. त्यांच्या पत्नी सुनीताबाई रत्नागिरीच्या, त्यामुळे तिथलं ‘केलंन’, ‘म्हणालान’ त्यांच्या घरातलंच. त्यांच्या इतर व्यक्तिचित्रांतही तेच: हरितात्या शिवाजी महाराजांबद्दल कालच भेटल्यासारखे बोलतात, सखाराम गटणे छापील मराठी बोलतो, बेळगावच्या रावसाहेबांच्या शिव्यांतून माया पाझरते. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून बघा, बसणार नाही. माणसावर जीव असल्याखेरीज त्याची बोली इतकी नेमकी ऐकू येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आज ही वाक्यं सुटी होऊन मोबाइलवर फिरतात. फिरू देत, हसू वाटलं जातं, हे चांगलंच. पण ज्याला ती पाठ आहेत, त्यानंही एकदा ‘अंतू बर्वा’ पहिल्या ओळीपासून वाचावा, शक्यतो मोठ्यानं, घरातल्या लहानांना जवळ बसवून. विजेच्या बोलण्यावर मुलं हसतील. हापूसपाशी आली की त्यांना घाई करू नये.