वादळ ओसरेपर्यंत

मासेमारीच्या जाळ्यात एक धड वर येतं. डोकं नाही, हातपाय नाहीत. त्याच सुमाराला डेन्मार्कहून आलेली मोठी फेरीबोट धक्क्याला लागलेली. गावात पोलीस तीनच: आन्द्री, हिनरिका आणि आउस्गेइर. तपासाचं पथक राजधानी रेक्याविकहून यायचं, पण वादळामुळे विमान उडत नाही आणि डोंगरावरून उतरणारा रस्ता बर्फाखाली गेलेला. ते येईपर्यंत गावच्या पोलिसांनीच निभावून न्यायचं. धड ठेवायचं कुठे? मासळीच्या कारखान्यातल्या शीतगृहात.

‘ट्रॅप्ड’ या नावाने जगभर पाहिली गेलेली ही आइसलँडची मालिका २०१५ सालची. बाल्तासार कोरमाउकुर या दिग्दर्शकाने ती उभी केली. गोष्ट घडते सेय्दिस्फ्योर्दुरला, देशाच्या पूर्व टोकाला असलेल्या एका चिंचोळ्या खाडीच्या आतल्या टोकाशी. डेन्मार्कहून फॅरो बेटांमार्गे येणारी बोट खरोखरच तिथे येते, आणि तिथून बाहेर पडायचं तर सुमारे ६०० मीटर उंचीचं माळरान ओलांडावं लागतं, जे हिवाळ्यात वरचेवर बंद होतं. चित्रण मात्र बरंचसं उत्तरेकडच्या सिग्लुफ्योर्दुरमध्ये झालं. या दुसऱ्या गावाला डोंगरांनी असं वेढलंय की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत तिथे सूर्य दिसतच नाही. तो पुन्हा दिसला की लोक गोड धिरडी करून खातात. एकेकाळी हेरिंग मासळीवर श्रीमंत झालेलं हे बंदर आता दरडींसारख्या कोसळणाऱ्या बर्फापासून जपण्यासाठी डोंगरउतारावर मोठाले बांध घालून बसलं आहे.

थंड प्रदेशातल्या, संथ लयीच्या या तपासकथा मला इतक्या का ओढून घेतात, याचा विचार करताना मी पुन्हापुन्हा त्या बंद रस्त्यापाशी येतो. रस्ता बंद झाला की हुशार गुप्तहेराची सगळी आयुधं गळून पडतात. प्रयोगशाळा नाही, तज्ज्ञ नाहीत, वरून कुमक नाही. उरते ती फक्त माणसांची ओळख. कोण कुणाचा मेहुणा, कुणाचं कुणाशी का बोलणं नाही, कुणाच्या घरातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. आन्द्री धिप्पाड, दाढीवाला माणूस आहे, चालतोही जड पावलांनी. बायको त्याला सोडून गेली आहे आणि तो दोन मुलींना घेऊन सासुरवाडीतच राहतो. सात वर्षांपूर्वी मासळीच्या कारखान्याला आग लागली, तीत त्याची मेहुणी गेली. त्यामुळे तो जे प्रश्न गावाला विचारतो, ते फिरून त्याच्याच जेवणाच्या टेबलाशी येतात. सासरा समोर बसलेला असतो. कुणी मोठ्याने बोलत नाही. ओलाफुर दारी ओलाफसन या नटाने हे अवघडलेपण नुसत्या खांद्यांनी दाखवलंय. तो दारातून आत येताना थोडा वाकतो, आणि कळतं की या घरात त्याला पुरेशी जागा नाही.

शिवाय देश केवढा? मालिका आली त्या वर्षी साऱ्या आइसलँडची लोकसंख्या होती सव्वातीन लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. कित्येकदा वर्षभरात खून होतात ते एक किंवा दोन, आणि गस्तीवरचा पोलीस एरवी बंदूक बाळगत नाही. अशा ठिकाणी एका माणसाचा मृत्यू कुणाच्या सवयीचा होत नाही. मला वाटतं, या कथांची सगळी ताकद इथे आहे. त्यांना मेलेल्या माणसाची सवय झालेली नसते.

मी ज्या रहस्यकथांवर वाढलो त्यांचा वेग निराळा होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि वाचनालयातून आणलेली त्यांची एखादी कादंबरी एका बैठकीत संपली नाही असं होत नसे. त्या वेगाचं ऋण मी मानतो. पुस्तक खाली ठेवू नये ही ओढ त्यांनीच लावली. पण त्या धावपळीत मृतदेह पहिल्या प्रकरणात पडला की दुसऱ्या प्रकरणापर्यंत विसरलेला असायचा. तो कोडं सुरू करून द्यायचा आणि निघून जायचा.

डॅनिश दूरदर्शनवर २००७ साली आलेली ‘फोर्ब्रुदेल्सन’ पाहिली तेव्हा हा हिशेब पार उलटा झालेला दिसला. सोरेन स्वाइस्त्रुप यांनी लिहिलेल्या या मालिकेचा पहिला खंड वीस भागांचा, आणि एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. नोव्हेंबरचं कोपनहेगन. तिथे त्या महिन्याच्या अखेरीस सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला मावळतो. बर्फ फारसा नाही. आहे तो पाऊस, ओला काळोख, खिडक्यांतले पिवळे दिवे. नान्ना बिर्क लार्सन ही शाळकरी मुलगी पाण्यातून काढलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडते. तिचे वडील थाइस गाडी काढताहेत तिथपर्यंत पोचतात. फोनवर पलीकडे पत्नी पेर्निले घरी आहे. काय घडलंय हे तिला कुणी सांगत नाही. तिला फोनमधून नवऱ्याचा आक्रोश ऐकू येतो.

दुसरी कुठलीही मालिका इथून पोलीस ठाण्यात गेली असती. ही मालिका घरात थांबते. बिर्क लार्सन कुटुंबाचा सामान हलवण्याचा धंदा आहे, वर राहतं घर. दोन लहान भावांना ताई गेली हे कसं सांगायचं? फोन वाजतो तो उचलायचा का? धंद्याची ठरलेली कामं कुणी करायची? तपास पुढे सरकतो, एकामागून एक माणसं संशयाच्या फेऱ्यात येतात, महापौरपदाची निवडणूक त्यात गुंतते, पण दर भागात आपण परत त्या स्वयंपाकघरात येतो, आणि नान्ना तिथे नसते. विसाव्या दिवशीही नसते. तिचं नसणं भागागणिक वाढत जातं. मी मालिकांमध्ये आणि सिनेमात खून पुष्कळ पाहिले होते, पण एका खुनाने घरात केवढं भगदाड पडतं हे इतक्या सावकाशपणे मला कुणी दाखवलं नव्हतं.

आणि सारा लुंड. सोफी ग्रोबोलने साकारलेली ही पोलीस अधिकारी पहिल्या दिवशी नोकरी सोडून स्वीडनला निघालेली असते, मुलाला घेऊन, होणाऱ्या नवऱ्याकडे. विमान आज चुकतं, उद्या चुकतं. तिचा तो फॅरो बेटांवर विणलेला, नक्षीचा लोकरी स्वेटर पुढे इतका गाजला की इंग्लंडात लोक तो शोधत फिरले. पण मला आठवतं ते तिचं उभं राहणं. मोकळ्या खोलीत ती नुसती उभी राहते आणि बघते. सहकारी मेयर घाईत असतो, त्याला पुढचं दार ठोठावायचं असतं. ती बघत राहते. या बघण्याची किंमत तिच्या स्वतःच्या मुलाला मोजावी लागते, तिच्या आईला मोजावी लागते. मालिका ते झाकत नाही आणि तिला माफही करत नाही. सारा लुंडवर माझं प्रेम आहे ते यासह. एका परक्या मुलीकडे लक्ष देण्यासाठी तिने घरच्यांकडचं लक्ष काढून घेतलं आहे, आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

या कथांची ही संथ चाल एकाएकी आलेली नाही. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वाहलो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीच ‘रोझान्ना’. कालव्यातून गाळ उपसताना एका तरुणीचा देह वर येतो. ती कोण, हे कळायलाच महिने जातात. मार्टिन बेक हा त्यांचा पोलीस अधिकारी पत्रांची वाट बघतो, फोनची वाट बघतो, त्याचं पोट बिघडतं, सर्दी जात नाही. उन्हाळ्यात सापडलेल्या त्या तरुणीचा तपास थंडी पडेपर्यंत चालतो. वाट बघणं हेच पोलिसाचं काम असू शकतं, हे त्या दोघांनी आधी लिहून ठेवलं. पुढे हेनिंग मांकेल यांचा इस्ताद गावचा वालांदर आला तो याच वाटेने.

नॉर्वेत तर ईस्टरच्या सुट्टीत बर्फातल्या डोंगरी घरांत जाऊन गुन्हेकथा वाचायचा रिवाजच पडला आहे. त्याची सुरुवात १९२३ सालच्या एका जाहिरातीपासून धरतात. रात्री बेर्गनची गाडी लुटली, अशा अर्थाचं कादंबरीचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापलं गेलं आणि लोकांना ती बातमीच वाटली.

पण बर्फाचा आणि मृत्यूचा संबंध ज्याने मला सगळ्यात खोलवर समजावला तो लेखक म्हणजे आर्नाल्दुर इंद्रिदासॉन. रेक्याविकमधला त्याचा एर्लेंदुर हा तपास अधिकारी एकटा राहतो आणि रात्री एकाच प्रकारची पुस्तकं वाचतो: डोंगरात, माळरानावर, हिमवादळात हरवलेल्या माणसांच्या हकिकती. आइसलँडमध्ये अशा हकिकतींची परंपराच आहे. कोण कुठल्या दिवशी कुठल्या वस्तीवरून निघालं, वारं कुठून होतं, शोधायला गेलेल्यांना काय सापडलं, सगळं नोंदवलेलं. एर्लेंदुर लहान असताना पूर्वेकडच्या माळरानावर वादळात सापडला होता. सोबत धाकटा भाऊ होता. त्याचा हात सुटला. एर्लेंदुर सापडला, भाऊ कधीच सापडला नाही. तेव्हापासून त्याच्यासाठी हरवलेल्या कुठल्याही माणसाचं प्रकरण मिटलेलं नसतं, मग त्याला तीस वर्षं होवोत की पन्नास. मला हे एका माणसाचं दुखणं म्हणून कळतं, आणि एका देशाचं वळण म्हणूनही. जिथे हवामान माणसाला गिळून टाकतं आणि वसंतापर्यंत परत देत नाही, तिथे शोधत राहणं ही शेजारधर्माची गोष्ट होते.

‘ट्रॅप्ड’मध्ये मधेच डोंगरावरून बर्फाचा लोट गावावर येतो. तिथल्या प्रेक्षकाला ते कल्पित वाटलं नसणार. १९९५ सालच्या जानेवारीत सूदाविक या गावात अशाच लोटाखाली १४ माणसं गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लातेरीत २०. मला ते पाहताना माळीण आठवलं, आणि ते न आठवणं शक्य नव्हतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव पावसात डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. काही दिवस बातम्या होत्या, मग दुसऱ्या बातम्या आल्या. सह्याद्रीतला जुलै आइसलँडच्या जानेवारीइतकाच माणसांना कोंडतो. घाट बंद होतात, वीज जाते, पलीकडच्या वाडीची खबर दोन दिवस लागत नाही. अशा कोंडलेल्या गावात, एकाच माणसाच्या मरणाशी थांबून राहणारी, हवालदाराला ज्याच्या त्याच्या ओटीवर बसवणारी दहा भागांची मराठी मालिका कुणी तरी करावी, असं मला फार मनापासून वाटतं. पाऊस आपल्याकडे आहे, घरंही आहेत. थांबायची तयारी हवी.

कारण थांबणं सोपं नाही, हे नकला पाहून कळतं. गेल्या काही वर्षांत बर्फ हा या धंद्यातला पडदा झाला आहे. पांढरं मैदान, त्यावर लाल डाग, वरून उडत्या कॅमेऱ्याने घेतलेली एकाकी गाडी. पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की या लोकांना मेलेल्या माणसाचं नावसुद्धा लक्षात राहणार नाही. तिथे संथपणा म्हणजे नुसते लांबवलेले क्षण, आणि थंडी कुणाच्या बोटांना लागत नाही. खऱ्या कथेत लागते. आन्द्री सतत कुठून तरी बर्फ तुडवत येत असतो, जॅकेट काढायच्या आत त्याला पुन्हा बाहेर जावं लागतं, आणि एक प्रश्न विचारायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणं हीच एक मोहीम होते. म्हणून तो प्रश्न तो जपून विचारतो. म्हणून ऐकणाराही उत्तर द्यायला वेळ घेतो.

‘ट्रॅप्ड’ आणि ‘फोर्ब्रुदेल्सन’ या दोन मालिकांमधला एक धागा मला फार जवळचा आहे. ‘ट्रॅप्ड’मधल्या त्या फेरीबोटीचा डॅनिश कप्तान साकारला आहे ब्यार्ने हेन्रिकसन यांनी. त्याआधी आठ वर्षं नान्नाचे वडील थाइस झाले होते ते हेच. पहिल्याच भागात ते बोटीवर दिसले. इथे ते कप्तान होते, पोलिसांशी तुटक बोलणारे, संशय यावा असे, आणि आन्द्रीच्या बाजूने मी त्यांच्यावर नजर ठेवायला हवी होती. माझं लक्ष तिकडे नव्हतंच. पेर्निले आता कशी आहे, ती दोन मुलं केवढी झाली, सामान हलवायचा धंदा अजून चालू आहे का, हे त्यांना विचारावं असं मला वाटत होतं.